क्रॉसकंट्री संघाचे पहिले आठवडे: साताऱ्याच्या पावसातला सराव

क्रॉसकंट्री म्हणजे माळ, चढ आणि चिखलातून धावायची शर्यत. तिचा सराव जूनमध्ये सुरू झाला की पहिले तीन आठवडे स्टॉपवॉच बाजूला ठेवा. आठवड्यातून पाच दिवस, ३० ते ४५ मिनिटं, धावता धावता पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगानं. दमसास लवकर वाढतो. नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर मात्र मागे राहतात. म्हणून आठवड्याचं अंतर साधारण १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका. नडगीवर बोट दाबल्यावर एकाच जागी ठणकलं तर धावणं बंद, डॉक्टर गाठा.

चढ चौथ्या आठवड्यापासून. साताऱ्याहून कासला जाणाऱ्या यवतेश्वर घाटात ६० सेकंदांचे सहा चढ, खाली येताना चालत. पावलं छोटी, नजर १०-१५ मीटर पुढे, कमरेतून वाकायचं नाही. पोरं पहिला चढ जीव तोडून मारतात आणि चौथ्याला ढेपाळतात. पहिल्या चढाला ६० सेकंदांत जिथवर पोचलात, तिथवर सहाव्यालाही पोचायला हवं. नाही जमलं तर सुरुवातच चुकली. घाटात धुकं असतं, तेव्हा भडक टीशर्ट घाला आणि उजव्या कडेनं, समोरच्या गाड्या दिसतील असं धावा. शनिवार-रविवारी कासच्या पर्यटकांची गर्दी व्हायच्या आत उरका.

सगळा सराव डांबरावर केला तर शर्यतीच्या चिखलात घोटे मुरगळतात. आठवड्यातून एकदा ओला माळ हवाच, आणि खोल खाचांचे बूट. भिजलेल्या बुटांतला आतला सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला. चुलीजवळ वाळवू नका, तळव्याचा गोंद सुटतो.