चुंबकाचे प्रयोग करताना या चुका टाळा

पट्टीचुंबकाभोवतीच्या बलरेषांची आकृती वाकडी आली की दोष चुंबकाला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा टेबलात किंवा होकायंत्रात असतो.

नागपूर येथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सुमारे 45 मायक्रोटेस्ला, म्हणजे पट्टीचुंबकाच्या ध्रुवाजवळील क्षेत्राच्या तुलनेत शेकडो पटींनी क्षीण आहे. त्यामुळे लोखंडी बाक, पत्र्याची कंपासपेटी किंवा स्पीकरमध्ये चुंबक असलेला मोबाइल जवळ असला, तरी होकायंत्राची सूची सहज भरकटते. काही जण हा फरक भौगोलिक उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतील कोनावर ढकलतात. परंतु नागपुरात तो कोन 1 अंशापेक्षाही कमी आहे. सूची 10 अंशांनी ढळलेली दिसली, तर आधी जवळपासचे लोखंड शोधावे.

सूची नेमकी उलट दिशा दाखवत असेल, तर तिचे ध्रुवच पालटलेले असतात. स्वस्त होकायंत्र शक्तिशाली चुंबकासोबत एकाच खणात ठेवल्यास असे घडते. ध्रुवताऱ्यावरून ठरवलेल्या उत्तरेशी ते एकदा ताडून पाहणे हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो.

येथेच आणखी एक गोंधळ होतो: सूचीचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ओढला जातो, याचा अर्थ पृथ्वीच्या उत्तर भागात चुंबकीय दृष्टीने दक्षिण ध्रुव आहे. हे न उमगल्यामुळे बलरेषांचे बाण उलटे काढले जातात. चुंबकाच्या बाहेर त्या उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे आणि आत दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात, व परस्परांना कधीही छेदत नाहीत.

पट्टी चिकटली म्हणून ती चुंबक ठरत नाही, कारण साधे लोखंडही चिकटते. प्रतिकर्षण हीच खरी कसोटी होय. तसेच प्रत्येक धातू चिकटतो असेही नाही. नागपूरजवळच्या मनसरच्या खाणींमुळे आपल्या परिचयाचा असलेला मँगनीज शुद्ध रूपात चिकटत नाही.

मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला म्हणून चुंबक क्षीण झाले, हे कारण मात्र पटणारे नाही, कारण सामान्य प्रतीचे निओडिमियम चुंबकही सुमारे 80 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. शाळेतील पोलादी पट्टीचुंबके क्षीण होतात ती वारंवार पडल्याने आणि चुकीच्या पद्धतीने ठेवल्याने. दोन पट्ट्यांचे विरुद्ध ध्रुव शेजारी येतील अशा रीतीने त्या समांतर ठेवून मध्ये लाकडाची चीप घालावी आणि दोन्ही टोकांना नरम लोखंडाचे तुकडे लावावेत.