औषधाचा गुण की वावराचा? चिठ्ठ्यांच्या चाचणीत या चुका टाळा

समजा, पराटीच्या आठ तुकड्यांपैकी चारांवर नवीन टॉनिक फवारलं, चार तसेच ठेवले. वेचा झाल्यावर टॉनिकवाल्या तुकड्यांत 14, 16, 17 आणि 19 किलो कापूस निघाला; बिनटॉनिकच्यांत 12, 13, 15 आणि 16. सरासरीत अडीच किलोचा फरक. कृषी केंद्रवाला एवढ्यावर बाटली विकतो. पण हा फरक योगायोगानं पडला नसेल कशावरून?

आठही वजनं चिठ्ठ्यांवर लिहा. टॉनिक म्हणजे निव्वळ पाणी असं धरा आणि चार-चारचे गट नव्यानं पाडत जा. असे गट 70 पडतात. त्यातल्या 6 गटांत अडीच किलो किंवा त्याहून जास्त फरक टॉनिकच्या बाजूनं येतो. म्हणजे पाणी मारलं असतं तरी शंभरातून साडेआठ वेळा हेच दिसलं असतं. हीच यादृच्छिकीकरण चाचणी. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी 1935 साली चहाच्या आठ कपांवर समजावलेला हिशेब हाच: दूध आधी ओतलेले चार कप अचूक ओळखणं नुसत्या अंदाजानं 70 पैकी एकदाच जमतं.

सगळ्यात मोठी चूक कापूस मोजताना होत नाही, पंप भरताना होते. आमच्याकडे आलेल्या एका कृषिदूतानं विहिरीजवळचे चार तुकडे फवारले, कारण पाठीवर पंप घेऊन वर चढायचा कंटाळा. आकडे झकास आले. छपरीत बसलेले काका ऐकून हसले, "ते खालचं अंग हाये बापा, तिथं दरसाल पराटी चांगलीच येते." वरचं बरड, खालची काळी, टॉनिक कुठे आणि माती कुठे, सांगणार कोण? चिठ्ठ्या फवारणीच्या आधी काढायच्या असतात. कोणता तुकडा फवारायचा हे चिठ्ठीनं ठरलंच नव्हतं, तर नंतर मांडलेल्या त्या 70 गटांना आधारच उरत नाही. हे संगणकानंही दुरुस्त होत नाही.

दुसरी चूक हुशार पोरं करतात. प्रत्येक तुकड्यातली पंचवीस-पंचवीस झाडं मोजतात आणि दोनशे झाडांच्या दोनशे चिठ्ठ्या करतात. निकाल लगेच 'पक्का' दिसतो. पण एका तुकड्यातल्या झाडांची माती एक, ओल एक, बोंडअळीही एकच. टॉनिक तुकड्याला मिळालं, झाडाला वेगळं नाही. म्हणून चिठ्ठी तुकड्याचीच.

वावर उताराचं असेल तर शेजारचे दोन-दोन तुकडे जोडीनं घ्या आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवा. हे चांगलंच, फक्त मग अदलाबदलही जोडीच्या आतच करायची. चार जोड्यांचे 70 नव्हे, 16 प्रकार होतात. चारही जोड्यांत टॉनिक जिंकलं तरी 16 पैकी एक, म्हणजे योगायोगाचा आकडा सहा टक्क्यांच्या खाली उतरताच येत नाही. सहा जोड्या असतील तर 64 प्रकार मिळतात. तीन विरुद्ध तीन तुकडे करणाऱ्यांनीही हे आधी बघावं: गट फक्त 20, म्हणजे पाच टक्क्यांच्या खाली जाता येत नाही.

टॉनिकनं नुकसानही होऊ शकतं असं मानत असाल तर उलटा फरकही मोजा. वरच्या उदाहरणात 6 चे 12 होतात आणि साडेआठ टक्क्यांचे सतरा. कोणती बाजू मोजायची ते वेच्याच्या आधी वहीत लिहून ठेवा. आकडे बघून बाजू निवडणं म्हणजे बैल जिंकल्यावर पैज लावणं.

तुकडे जास्त असले की सगळे गट हातानं पाडणं होत नाही, मग एक्सेलमध्ये हजारदा पिसायचं. तिथे एकच वजन दोनदा येतंय का ते तपासा. रँडबिटवीन (दोन आकड्यांमधला कुठलाही आकडा देणारं एक्सेलचं सूत्र) वापरून वजनं उचलली तर हमखास येतं. प्रत्येक वजनासमोर रँड हे सूत्र टाकून येणाऱ्या यादृच्छिक आकड्यावर क्रम लावा. आणि हजारात एकदाही तेवढा फरक आला नाही तर उत्तर शून्य लिहू नका. तुमची खरी वाटणीही त्यातलीच एक, म्हणून 1001 पैकी 1 लिहा.