सांगलीत सहा फुटी फिशटँक घ्यायचा विचार आहे? आधी या चुका टाळा

मोठे मत्स्यालय घ्यावे की नाही, हा निर्णय बहुतेक लोक दुकानातल्या अरोवाना माशासमोर उभे राहून घेतात आणि पहिली चूक तिथेच होते. टाकी, स्टँड, दिवे आणि मासे यांचा खर्च आधीच कळतो. घराची जमीन, येणारे पाणी, वीज आणि पुराची रेषा यांचा हिशेब मात्र टाकी भरल्यावर पुढे येतो आणि तेव्हा मागे फिरायला फारसा वाव उरत नाही. म्हणून निर्णय माशापासून नव्हे, घरापासून सुरू करावा.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे 680 लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन 680 किलो होते. त्यात 12 मिमी जाडीच्या काचेचे सुमारे 120 किलो, शिवाय वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड धरले की एकूण भार 900 किलोच्या पुढे जातो आणि तो जेमतेम बारा चौरस फुटांवर, म्हणजे सुमारे 1.1 चौरस मीटरवर येतो. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो इतका वापराचा भार धरलेला असतो. इथे तेवढ्याच जागेवर त्याच्या चौपट भार येतो. "लग्नात याच खोलीत तीस माणसे बसली होती, काही झाले नाही," हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, पण ती माणसे खोलीभर पसरलेली असतात आणि रात्री आपापल्या घरी जातात. टाकी वर्षानुवर्षे एकाच जागी उभी असते आणि अशा कायमच्या भाराखाली स्लॅब हळूहळू वाकत जातो. वरच्या मजल्यावर टाकी ठेवायचीच असेल तर बीम कुठून गेले आहेत हे इमारतीच्या नकाशावर पाहून, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घेऊनच भिंतीलगतची जागा ठरवावी. गॅलरीत, कॅन्टिलिव्हरवर (खालून आधार नसलेल्या, पुढे आलेल्या भागावर) किंवा जुन्या वाड्याच्या लाकडी तुळयांवर एवढी टाकी कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये.

मग तळमजला बरा, असे कोणीही म्हणेल. सांगलीत मात्र तळमजल्याचा प्रश्न वेगळा आहे. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षांच्या महापुरांत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाणी चढू लागले की लोक टीव्ही, फ्रिज, धान्याचे डबे वर नेतात, पण भरलेली टाकी कोणालाही हलवता येत नाही. ती रिकामी करायला वेळ लागतो, आणि रिकामी झाल्यावरही नुसती काच उचलायला चार-सहा धडधाकट माणसे लागतात, जी त्या दिवशी आपापल्या घरच्या सामानाला लागलेली असतात. पुराच्या भागातला वीजपुरवठा सुरक्षिततेसाठी बंद केला जात असल्याने पाणी दारात येण्याआधीच फिल्टर थांबतो. त्यामुळे मारुती चौक, शामरावनगर यांसारख्या पुराचे पाणी येणाऱ्या भागांत तळमजल्यावर सहा फुटी टाकी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे वरच्या मजल्याला भार पेलणार की नाही हे तपासावे, आणि ते शक्य नसेल तर चार फूट लांब, दीड फूट रुंद व तेवढीच उंच टाकी घ्यावी. तिच्यात सुमारे 255 लिटर पाणी मावते आणि सगळे मिळून वजन पहिल्या टाकीच्या निम्म्यापेक्षा कमी भरते.

टाकी बनवून घेताना लोक लांबी वाढवायला कचरतात आणि उंची मात्र सहज वाढवतात. हे उलटे असायला हवे. काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, लांबीवर नाही. दोन फूट उंचीच्या सहा फुटी टाकीत समोरच्या एका काचेला पाणी जवळजवळ 340 किलो इतक्या जोराने बाहेर ढकलत असते. उंची अडीच फूट केली की हा जोर दीडपटीहून अधिक होतो आणि तळ साफ करताना हातही पोहोचत नाही. सांध्यांसाठी बुरशीरोधक सिलिकॉन वापरले जाणार नाही ना, हे बनवणाऱ्याला आधी विचारावे, कारण त्यातली द्रव्ये माशांना घातक असतात. स्टँड जागेवर आला की पाणसळ लांबीला, रुंदीला आणि तिरकी अशी तिन्ही प्रकारे ठेवून पाहावी. बुडबुडा एका बाजूला सरकत असेल तर स्टँडच्या पायाखाली पत्रा सरकवून पातळी साधावी. काचेखाली कागदाच्या घड्या घालू नयेत, कारण त्या एका बिंदूवर सगळा ताण येऊन तळाची काच तडकते. तळाखाली अखंड थर्माकोल किंवा फोमची शीट हवी.

पाण्याबाबतची चूक तर जवळपास प्रत्येक घरात होते. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलायचे म्हटले तर सहा फुटी टाकीतून 170 लिटर काढावे आणि तेवढेच भरावे लागते, म्हणजे पंधरा लिटरच्या अकरा बादल्या बाहेर आणि अकरा आत. टाकीपासून मोरीपर्यंत पाईप पोहोचतो का, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येते तेव्हा एवढे पाणी कुठून आणणार, याचे उत्तर घरात आधी मिळायला हवे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी ड्रममध्ये एअर पंप लावून दिवसभर ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन काढणारे औषध वापरावे. पावसाळ्यात आणि पुरानंतर तर याकडे अजिबात दुर्लक्ष करू नये. बोअरवर अवलंबून असलेल्यांनी त्या पाण्याची क्षारता तपासून घ्यावी. काचेवर पाण्याच्या रेषेला खरखरीत पांढरा थर धरत असेल, नखाने खरवडला तरी तो निघत नसेल, तर पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे आहे हे नक्की. अशा पाण्यात डिस्कससारखे मऊ पाण्यातले मासे ठेवण्यासाठी लोक आरओ बसवतात आणि जितके पाणी मिळवतात त्याहून जास्त वाया घालवतात. त्यापेक्षा आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड मासे ठेवावेत, त्यांना मुळातच जड आणि अल्कधर्मी पाणी मानवते.

टाकी भरल्या दिवशीच मासे सोडण्याची घाई करू नये. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पाणी दुधाळ दिसले की सगळे पाणी बदलून फिल्टरचा स्पंज नळाखाली धुण्याचा मोह होतो. तसे केल्यास क्लोरीनने ते जिवाणू मरतात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा.

विजेच्या खर्चाचा अंदाज सोपा आहे. पंप आणि दिवे मिळून सरासरी 100 वॅट चोवीस तास धरले तर महिन्याला 72 युनिट होतात, आणि घरचा वापर 100 युनिटच्या आसपास असेल तर पुढचा स्लॅब लागून दरही वाढतो. त्याहून महत्त्वाचे आहे ते वीज गेल्यावर काय करायचे. उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेले की त्यात दर लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. मोठ्या माशांनी भरलेल्या टाकीत पंप थांबला की मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप पहिल्याच खरेदीत घ्यावा. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) बरेच तास बंद राहिला असेल तर वीज येताच तो तसाच सुरू करू नये. झाकण उघडून वास घ्यावा आणि कुजका वास आला तर आतले साहित्य टाकीच्या पाण्यात खंगाळून मगच चालू करावा, नाहीतर ते सडलेले पाणी थेट माशांवर येते.

शेवटची चूक माशांच्या निवडीची. बोटाएवढा दिसणारा ऑस्कर एक फुटाचा होतो, सिल्व्हर अरोवाना दोन-तीन फुटांचा, आणि रेडटेल कॅटफिश तर मीटरभराहून मोठा होतो, म्हणजे सहा फुटी टाकीही त्याला पुरत नाही. मग तो कृष्णेत सोडून देणे अनेकांना भूतदयेचे वाटते, पण परदेशी मासे नदीत गेल्यावर स्थानिक माशांच्या मुळावर येतात. काच साफ ठेवण्यासाठी विकला जाणारा सकरमाउथ कॅटफिश उजनी जलाशयात जाऊन पोहोचला आहे. पुराच्या पट्ट्यातली टाकी तर कोणी न सोडताही नदीला जाऊन मिळते, आणि तिथे असे मासे न ठेवण्याचे हे आणखी एक कारण आहे. मासा घेण्याआधी तो वाढल्यावर परत घेणार का, असे दुकानदाराला विचारावे आणि तो नाही म्हणाला तर तो मासा घेऊ नये.