क्योतोत नव्यानं आलात? एक थिएटर आणि एक किस्सातेन आपलं करा

क्योतोत आल्यावर आपल्या मंडळींचे पहिले महिने साधारण सारखेच जातात. वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, बँकेचं खातं उघडायचं, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांचं वेळापत्रक समजून घ्यायचं आणि सुटीला किन्काकुजी, फुशिमी इनारी. देवळं बघून झाली की शनिवार-रविवार खायला उठतात. तेव्हा माझं एक ऐका. एक छोटं थिएटर आणि एक जुनं किस्सातेन, म्हणजे इथलं पारंपरिक कॉफीघर, निवडा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जात राहा. इथली माणसं पहिल्या भेटीत फारशी मोकळी होत नाहीत, पण नेहमी येणारा चेहरा विसरत नाहीत.

सुरुवात देमाचियानागी स्टेशनजवळच्या मासुगाता बाजारपेठेतून करा. भाजी, मासे, फळांच्या दुकानांच्या ओळीतच ‘देमाचिझा’ आहे. पुस्तकं, कॅफे आणि दोन छोटे पडदे, सगळं एकाच इमारतीत. २०१७च्या डिसेंबरमध्ये, लोकवर्गणीची मदत घेऊन ते सुरू झालं. त्याआधी हीच मंडळी कियामाचीतल्या रिस्सेई या बंद पडलेल्या शाळेत थिएटर चालवत होती. ती जागा साधी नव्हे. १८९७ साली इनाबाता कात्सुतारो यांनी फ्रान्सहून आणलेलं ल्युमिएर बंधूंचं सिनेमा दाखवण्याचं यंत्र तिथेच पहिल्यांदा चालवून पाहिलं. मुंबईत वॉटसन हॉटेलात तशाच यंत्राचा खेळ जुलै १८९६मध्ये झाला होता, म्हणजे आपल्या आणि त्यांच्या सिनेमाच्या जन्मात वर्षाचंही अंतर नाही. शाळेच्या जागी आता हॉटेल आहे, पण कियामाचीतून जाताना तिथे जरूर थांबा.

छोट्या थिएटरात एखादा चित्रपट बहुधा दिवसातून एकदाच, तोही एक-दोन आठवडेच लागतो. म्हणून ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणू नका. जपानी चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षकं क्वचितच असतात. सुरुवातीला अर्धं समजलं तरी जा, कान तयार होतो. खेळ सुरू असताना कुणी बोलत नाही आणि शेवटची नामावली संपून दिवे लागेपर्यंत बहुतेक जण उठत नाहीत. शिट्ट्या-टाळ्यांची फारच आठवण झाली तर हानक्यू रेल्वेनं जुसोला गाडी बदलून त्सुकागुचीला जा. तिथल्या सनसन थिएटरात भारतीय चित्रपटांचे ‘मसाला’ खेळ होतात. जपानी प्रेक्षक रंगीत कागद उधळतात, आरोळ्या ठोकतात. बघून ऊर भरून येतो.

स्वतंत्र चित्रपटांची खरी मजा खेळानंतर असते. दिग्दर्शक, कलाकार पडद्यासमोर येऊन बोलतात आणि पुष्कळदा नंतर लॉबीतही भेटतात. मोडक्यातोडक्या जपानीत एक प्रश्न विचारून बघा, फार आपुलकीनं उत्तर देतात. क्योतो परिसरात भातशेती करणारे दिग्दर्शक यासुदा जुनिची यांनी ‘सामुराई टाईम स्लिपर’ हा चित्रपट स्वतःचे पैसे घालून बनवला. पटकथा आवडली म्हणून उझुमासा या क्योतोतल्या भागातल्या तोएई चित्रपट स्टुडिओनं मदत केली. ऑगस्ट २०२४मध्ये तोक्योच्या एकाच थिएटरात लागलेल्या या चित्रपटाला पुढच्या मार्चमध्ये जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. या शहरातले तलवारबाजीचे कलाकार, रंगभूषाकार, विग बनवणारे कारागीर यांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत त्यात दिसते. उझुमासाला गेलात तर हे आठवा.

हात आखडता असेल तर सांजो-ताकाकुराला क्योतो संस्कृती संग्रहालयात जा. पाचशे येनच्या प्रवेशिकेत तिथल्या फिल्म थिएटरातले जुने चित्रपटही बघता येतात. परदेशात राहताना इतक्या स्वस्तात इतकं चांगलं फार थोडं मिळतं. तिथून दोन-चार मिनिटांवर, साकाईमाचीत, १९४०पासूनची ‘इनोदा कॉफी’ आहे.

आता कॉफीघरांबद्दल. शिजो-कावारामाचीजवळचं ‘फ्रान्स्वा’ १९३४चं. युद्धाकडे निघालेल्या जपानमध्ये, १९३६-३७ साली, ‘दोयोबी’ नावाचं निर्भीड वृत्तपत्र इथल्या कॉफीघरांतून वाचकांपर्यंत पोचत होतं आणि फ्रान्स्वा त्यातलं एक. ते काढण्यात पुढाकार होता शिमोगामो चित्रपट स्टुडिओतल्या साइतो राइतारो या छोट्या भूमिका करणाऱ्या नटाचा. शेवटी सरकारनं ते बंद पाडलं. क्योतोत सिनेमा आणि कॉफी यांचं नातं इतकं जुनं आहे, आणि म्हणूनच या दोन जागा मी एका दमात सांगतोय.

बसण्याची रीत सोपी आहे. माणशी एक पेय घ्यावंच लागतं, एका कॉफीत दोघं हे इथे चालत नाही. लॅपटॉप उघडू नका, फोनवर बोलू नका, फोटो विचारून काढा आणि खिशात रोख ठेवा. काही जुन्या दुकानांत अजून सिगारेट चालते. तशी पाटी दारावर असते आणि तिथे वीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, त्यामुळे मुलं बरोबर असतील तर पाटी आधी बघा. शाकाहारी असाल तर बटर टोस्ट हा सोपा आधार. सँडविचमध्ये मात्र अंडं किंवा हॅम बहुधा असतंच, म्हणून ‘तामागो नाशी, निकु नाशी’ एवढं पाठ करून ठेवा, म्हणजे अंडं नको, मांस नको.