कुंडीतलं पाणी लगेच खाली गळतंय?

पाणी घातलं की क्षणात खालच्या ताटलीत, आणि फुलझाड मात्र मलूलच! माती फार वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, पाणी त्या फटीतून निसटतं. बोट खुपसून बघा, आत कोरडीठाक लागेल.

बादलीत कुंडीच्या निम्म्या उंचीइतकं पाणी घ्या आणि कुंडी त्यात 20-30 मिनिटं ठेवा. वरची माती ओलसर, काळपट दिसली की काढून निथळू द्या.

खिडकीतली लांब कुंडी काही उचलवत नाही. तिला तीनदा थोडं थोडं पाणी घाला, मध्ये 10 मिनिटं जाऊ द्या. (आमच्या खालच्या मजल्यावरची कुरकुर यानेच थांबली.)

रात्रभर मात्र कुंडी पाण्यात ठेवू नका, मुळं कुजतात.