ग्वातापे आणि कार्ताहेना : एक प्रवास, दोन तयाऱ्या

कोलंबियाच्या एकाच सहलीत अँटिओकिया प्रांतातील जलाशयाकाठचे ग्वातापे आणि कॅरिबियन किनाऱ्यावरील कार्ताहेना बंदर पाहायचे असेल, तर दोन्हीकडच्या रंगीत घरांची छायाचित्रे बघून एकाच तयारीवर भागेल असे समजू नये.

सर्वांत आधी पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस घ्यावी. कोलंबिया या रोगाच्या प्रदेशात मोडत असल्याने तिथून परतताना लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होते. म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. भारतातून थेट विमान नसल्यामुळे मार्ग अमेरिकेतून असल्यास तिथला व्हिसाही लागतो, हे तिकीट काढण्याआधी तपासावे.

बॅगेत दोन हवामानांचे कपडे हवेत. ग्वातापे सुमारे 1,900 मीटर उंचीवर आहे. दुपारी ऊन सुखद असले तरी संध्याकाळी अंगावर स्वेटर लागतो आणि पाऊस अचानक येतो, विशेषतः एप्रिल-मे व सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत. कार्ताहेनात वर्षभर तिशीच्या आसपासचा दमट उकाडा असतो, मुंबईच्या मे महिन्यासारखा. तिथे सैल सुती कपडे, टोपी आणि पाण्याची बाटली पुरते. डिसेंबर ते मार्च हा कोरडा काळ दोन्ही ठिकाणांना मानवतो. वीज 110 व्होल्टची आणि प्लग चपट्या पिनांचे असल्याने अ‍ॅडॉप्टर घ्यावा. अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, म्हणून केस वाळवण्याचे यंत्र घरीच ठेवावे.

ग्वातापेला अँटिओकियाची राजधानी मेडेयीनहून बसने सुमारे दोन तास लागतात. बरेचजण सकाळी जाऊन संध्याकाळी परततात, पण माझे आग्रहाचे सांगणे असे की किमान एक रात्र तिथे काढावी आणि शनिवार-रविवार टाळावा. पिएद्रा देल पेन्योल हा सुमारे 200 मीटर उंचीचा खडक चढायला सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. चांगली पकड असलेले बूट घालून, गर्दी होण्याआधी सकाळीच चढून जावे. वरून दिसणारी असंख्य बेटे मुळात डोंगरमाथे आहेत. 1970च्या दशकात जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधले गेले, खोरे पाण्याने भरले आणि जुने पेन्योल गाव बुडाले. लोकांना नव्या गावी हलावे लागले. हे माहीत करून घेऊन गेले, तर बोटीतून दिसणारे निळे पाणी नुसते देखावा वाटत नाही. गावातल्या घरांच्या भिंतींवर, अगदी खालच्या पट्ट्यात, सोकालो नावाची रंगीत उठावचित्रे असतात. त्यांत घरमालकाचा व्यवसाय, शेती, प्राणी दिसतात. ती निवांत पाहायला अर्धा दिवस राखून ठेवावा.

पुढच्या टप्प्यासाठी मेडेयीन शहरात परतण्याची गरज नाही, कारण विमानतळ शहराच्या पूर्वेला रिओनेग्रो पठारावर, ग्वातापेच्याच बाजूला आहे. तिथून कार्ताहेनाचे विमान सव्वा तासाच्या आसपास घेते, तर रस्त्याने जवळजवळ पूर्ण दिवस जातो.

शाकाहारी व्यक्तींनी एक काळजी जरूर घ्यावी. अँटिओकियात राजमा बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, म्हणून ‘सीन कार्ने, सीन पोयो, सीन पेस्कादो’ (मांसाशिवाय, कोंबडीशिवाय, माशांशिवाय) ही तीन नकारांची ओळ पाठ असावी. कार्ताहेनात नारळाच्या दुधातला भात आणि तळलेल्या कच्च्या केळ्यांचे पाताकोन सहज मिळतात.

कार्ताहेनासाठी मात्र बॅगेपेक्षा वाचनाची तयारी अधिक लागते. 1533 मध्ये वसलेले हे बंदर स्पेनच्या अमेरिकन साम्राज्याचे मोठे दार होते आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचा बाजार इथे भरत असे. तटबंदी, सान फेलिपे किल्ला आणि जुने शहर 1984 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. गुलामांची सेवा करणारे जेझुईट या ख्रिस्ती संघाचे धर्मगुरू पेद्रो क्लाव्हेर यांच्या नावाचे चर्च, आणि गुलामांच्या बाजारासाठी ओळखला जाणारा प्लासा दे लोस कोचेस, हे दोन्ही एकाच फेरीत पाहावेत. तटबंदीवर फिरायला सकाळची किंवा सूर्यास्ताची वेळ ठेवावी. दुपारी दगड तापतो. वेळ असेल तर पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेल्या सान बासिलियो दे पालेन्के या गावाची एक दिवसाची सहल करावी. शहरात रंगीत पोशाखात फळे विकणाऱ्या पालेन्केरा याच गावाशी नाते सांगतात. त्यांचा फोटो हवा असेल, तर आधी विचारावे आणि मोबदला द्यावा. त्यासाठी सुटे पेसो वेगळ्या खिशात ठेवावेत.