जिंजरब्रेडचे घर: सरळ भिंती, भक्कम छप्पर

जिंजरब्रेडचे, म्हणजे सुंठ-दालचिनीच्या बिस्किटांचे, घर कोसळते ते बहुधा घाईमुळे. म्हणून नाताळाच्या या कामाला दोन दिवस द्यावेत. आधी पुठ्ठ्यावर भिंती व छपराचे नमुने कापून ते चिकटपट्टीने जोडून पाहावेत, कारण पुठ्ठ्यावर न जुळणारी कड बिस्किटातही जुळत नाही.

३५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम लोणी, १७५ ग्रॅम ब्राऊन शुगर, ४ मोठे चमचे मध, १ अंडे, २ लहान चमचे सुंठपूड आणि १ लहान चमचा दालचिनीपूड एकत्र मळून गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवावा. सोडा मी मुद्दाम टाळते. त्याने तुकडे फुगतात आणि कडा गोलसर होतात. बेकिंग पेपरवरच ५ मिलिमीटर जाडीची पोळी लाटून नमुने कापावेत आणि तुकडे न उचलता भोवतालचे जादा पीठ काढावे. १८० अंश सेल्सिअसवर १२ ते १५ मिनिटे भाजून, तुकडे गरम व मऊ असतानाच नमुना पुन्हा ठेवून पसरलेल्या कडा सुरीने छाटाव्यात. मग रात्रभर सुकू द्यावेत.

जोडण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, शक्यतो पाश्चराइज केलेला, आयसिंग शुगरसोबत इतका फेटावा की चमचा उचलल्यावर उमटलेले टोक वाकणार नाही. खिडक्या-दारांची नक्षी भिंती आडव्या असतानाच काढावी. उभ्या भिंतीवर हात थरथरतो. भिंतींना आतून वाट्यांचा आधार देऊन काही तासांनी वाट्या काढाव्यात आणि मगच छप्पर बसवावे. वळचणीला हिमाचे सुळे हवे असतील, तर हे आयसिंग भरलेल्या पिशवीच्या नळीचे टोक कडेला टेकवून पिशवी दाबावी, खाली ओढावे आणि दाब हळूच सोडावा.